बाजा बोलतो तोवर

प्रिय मास्तर,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच खेप. जिवंत होतात तेव्हा लिहायची वेळच आली नाही, कारण तुम्ही मला सोडून कुठे गेलातच नाहीत! मी रनाळ्याला माहेरी जायची, चार दिवस होत नाहीत तोच दारात तुमची बैलगाडी हजर. आई म्हणायची, हा जावई लेकीला न्यायला येतो की भाकरी खायला? आता गेलात ते असे गेलात की गाडीही नाही नि निरोपही नाही.

आज लिहायला बसले, कारण दिवस मावळायच्या आत मला एक उत्तर द्यायचंय आणि विचारायला घरात कोणी नाही. तुमच्या जागेवर आलेल्या एस्तेरबाई सकाळी येऊन गेल्या. उद्या पुनरुत्थानाचा रविवार. त्या म्हणतात, मावशी, उद्या तुम्ही भाता मारा, मी बाजा वाजवते. मी नुसतं ‘बघते’ म्हटलं आणि दार लोटून घेतलं. तेव्हापासून घरात येरझाऱ्या घालतेय. भाकरी करपली. कोंबडीला दाणे टाकायचे राहिले, तर ती मेली पायात येऊन ओरडतेय.

सांगा ना, तुमच्या बाजावर बसलेल्या दुसऱ्या कुणाच्या बोटांना मी वारा देऊ?

घरात आपण अहिराणीच बोलायचो, पण लिहायला तुम्ही मला शाळेची भाषा शिकवलीत, म्हणून ही अशी लिहितेय. वाचताना हसू आलं तर हसा. नाहीतरी माझ्या वेलांट्यांवर तुम्ही आयुष्यभर हसलात.

मास्तर, आपलं लग्न झालं तेव्हा चर्चमध्ये बाजा नुकताच आला होता. आगबोटीने, मग सुरतेहून रेल्वेने, मग स्टेशनावरून बैलगाडीत, गवताच्या गादीवर निजवून. अख्खं गाव पाहायला जमलेलं. कपाटाएवढा बाजा, खाली वारा भरायला दोन पायऱ्या. एका पायाने एक दाबायची, दुसऱ्याने दुसरी, म्हणजे आतला भाता फुगतो आणि वर बोटं फिरली की सूर निघतो. सगळ्यांची तोंडं फुललेली आणि तुमचं मात्र उतरलेलं. तुमचा उजवा पाय लहानपणीच्या तापात वाळलेला, तो पायरी दाबणार कशी? मिशनच्या मोठ्या साहेबांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. शेवटी त्यांच्या मडमेनेच नंदुरबारहून रहीमभाई सुतारांना बोलावलं. त्यांनी बाजाच्या कुशीला एक लाकडी दांडा बसवून दिला. दांडा वरखाली केला की भाता चालतो. रहीमभाईंनी विचारलं, दांडा मारणार कोण? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. नवी नवरी मी, पदर तोंडात धरून उभी. म्हटलं, जात्याचा खुंटा ओढते तर दांडा काय जड आहे!

तेव्हापासून तुम्ही बोटं आणि मी वारा. तुम्ही लोकांकडे कूस करून बसायचात, मी बाजाच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून, पाटावर. लोकांना मी दिसायचे नाही आणि मला लोक दिसायचे नाहीत. मला दिसायची चुन्याची भिंत आणि तुमचं डावं कोपर. कोपर कसं हलतं त्यावरून मी ओळखायची की आता वारा जास्त लागणार की कमी.

आणि किती ओरडायचात माझ्यावर! घरी शब्द उंच न करणारा माणूस बाजावर बसला की वाघ. ‘सगुणा, हात हालका ठेव! घाई कसानी शे?’ घाई कसली! हात भरून यायचा माझा.

त्या तुकड्याला तर सगळ्यात जास्त. त्याला तुम्ही कधी नाव दिलं नाहीत, ‘तो तुकडा’ एवढंच. मडमेने मायदेशी परत जाण्याआधी तुम्हाला शिकवला. दोनशे वर्षांपूर्वी कुण्या जर्मन बाजावाल्याने लिहिलेला. त्याला शब्द नाहीत, गायचा नाही, नुसता वाजवायचा. लोक प्रभुभोजनाला उठतात, एकेक करून पुढे चालत जातात, भाकर घेतात, परत येतात, तेवढ्या वेळात वाजवायचा. कागदाच्या माथ्यावर एक परका शब्द होता. मडमेने त्याचा अर्थ सांगितला, चालत्या पावलांनी. किती जलद, किती सावकाश, ते पुढे काही लिहिलेलं नव्हतं. त्या काळी लिहीतच नसत म्हणे, वाजवणाऱ्यावर सोडून देत.

मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तोंडावर म्हटलं होतं, ‘हाई रडगानं कसाले वाजाडतस?’ तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, ‘रडगानं नई शे, सगुणा. कोनी रडी ऱ्हायनं ना, त्याना जोडे बठेल मानूसनं गानं शे.’ रडणाऱ्याचं नव्हे, त्याच्याजवळ बसलेल्याचं. तेव्हा मला ते समजलं नाही. मला वाटलं, मास्तर आहेत, काहीतरी मोठं बोलणारच.

गेल्या भाद्रपदात तुम्ही गेलात, तेव्हापासून मला ते रोज समजतंय. माझ्याजवळ कोणी बसत नाही ना, म्हणून.

त्या तुकड्याची पट्टीही तुम्ही बदललीत. कागदावर तो पांढरी तीनचा, म्हणजे तिसरी पांढरी पट्टी सा धरून. गंधार कोमल, धैवत कोमल, आपल्या आसावरीच्या अंगाने जाणारा. पण संपता संपता, अगदी शेवटच्या दमाला, गंधार शुद्ध होतो. सगळा तुकडाभर मान खाली घालून बसलेला सूर एकदाच डोकं वर करतो आणि तुकडा संपतो. त्या शेवटच्या सुराला चौथी काळी पट्टी, काळी चार लागायची आणि आपल्या बाजाची काळी चार पहिल्याच पावसाळ्यात गंजून मुकी झाली. मग तुम्ही काय केलंत? त्या एका सुरासाठी सगळाच्या सगळा तुकडा एक घर खाली, पांढरी दोनवर उतरवलात. महिनाभर घरच्या पाटावर बोटं आपटत बसायचात, मी समोर भाकरी थापतेय, तुमच्या बोटांना आवाज नाही आणि तरी मान डोलतेय! सासूबाईंना वाटलं, पोराला काही बाधा झाली.

मी विचारलं होतं, एका सुरासाठी एवढा आटापिटा? तर म्हणालात, तो सूर नसला तर लोकांना तसंच अंधारात ठेवून दार लावून घेतल्यासारखं होतं. असलं काहीतरी बोलायचात आणि मग चहा मागायचात.

आणि तो नियम! तोही तुमचाच. पहिल्या वर्षीच्या प्रभुभोजनाला काय गोंधळ झाला होता! पाड्यांवरून आलेली माणसं, त्यांना रांग ठाऊक नाही, सगळे एकदम उठले, ताट कलंडलं, भाकर खाली पडली. साहेब लालबुंद. तुम्ही दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चर्चमध्ये बसवलंत आणि सांगितलंत, बाजा बोलतो तोवर चालायचं. बाजा गप्प झाला की जिथल्या तिथे उभं राहायचं, डोळे मिटायचे, कारण आता प्रार्थना. झालं! पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या अंगात ते भिनलं. साहेब बदलले, पाळक बदलले, नियम तोच. तुकडा एकदा संपून पुरायचा नाही, मग तुम्ही फिरून पहिल्यापासून घ्यायचात, शेवटचा माणूस जागेवर जाऊन बसेतो. बसला की मग तो शेवटचा, वर उठणारा सूर. त्याच्या आधी कधीच नाही. मग पाळक ताट घेऊन आपल्या दोघांकडे यायचे. आपण रांगेत कधी चाललोच नाही. आपल्याला जागेवर मिळायचं, सगळ्यांच्या शेवटी, बाजा गप्प असताना.

तुम्ही गेलात त्या दिवशी बाजा वाजला नाही. वाजवणार कोण? लोकांनी गीतं म्हटली, चांगली म्हटली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चर्चमध्ये गेले. कोणी नव्हतं. पाटावर बसले आणि दांडा धरला. वर केला, खाली केला. भाता भरला. आत वारा घुमत होता, मला ऐकू येत होता, पण वर बोटं नाहीत तर सूर कुठून येणार? हात भरून येईतो दांडा मारला. एवढा वारा आणि एकही सूर नाही. मास्तर, मी तुमच्या मातीवर रडले नव्हते, तिथे रडले.

नाताळानंतर नवे पाळक आले आणि त्यांच्या मागोमाग एस्तेरबाई. नगरकडच्या. वयाने आपल्याला लेक असती तर तेवढ्या. दोन धडधाकट पाय! आल्या आल्या त्यांनी बाजा उघडला, गंजलेले सूर साफ करवून घेतले, काळी चार बोलती केली. खालच्या पायऱ्यांना तेल घातलं. मी दारातून पाहत होते. त्यांनी दांड्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? कोणीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आता याची गरज नाही.’ वाईट हेतूने नाही म्हणाल्या. खरंच गरज नव्हती.

घरी आले आणि पीठ मळायला घेतलं, तर पुन्हा दोघांचं मळलेलं. असं रोज होतं. एक भाकरी खाते नि दुसरी गाईला देते. शेजारणी म्हणतात, सगुणाबाई, या ना बसायला. जाते. पण त्यांच्या ओसरीवर बसून मला काय करायचंय? मला हाताला काम पाहिजे होतं, जे दुसऱ्या कुणाला येत नाही असं.

काल उत्तम शुक्रवार होता, एस्तेरबाई आल्यापासूनचं पहिलंच प्रभुभोजन. बाहेर मोहाची फुलं सांडलेली, लोक पहाटेपासून वेचून तसेच आलेले, सगळ्या चर्चमध्ये मोहाचा वास. मी बायकांच्या बाजूला अगदी मागे बसले, माझ्या पुढे बोंडीआजी. ओळखलीत ना? नाल्यापलीकडच्या पाड्यावरची, मागे ताडाखाली पडून कंबर मोडली ती. काठी टेकत, एक पाय ओढत येते. पाऊस असो, ऊन असो, प्रभुभोजन चुकवत नाही.

एस्तेरबाईंनी तो तुकडा सुरू केला. कागदावरच्या पट्टीत, पांढरी तीनमध्ये. मला एकदम उंच वाटलं, कुणी आपलं घर उचलून माळ्यावर ठेवावं तसं. आणि जलद! वाईट नाही हं मास्तर, खोटं बोलणार नाही. बोटं फार सफाईची आहेत तिची. आणि मधे एक भाग आला, जो मी कधी ऐकलाच नव्हता. खालचा सूर एकेक पायरी उतरत जातो आणि वरचा त्याला धरायला येतो. माझ्या अंगावर काटा आला. मग लक्षात आलं, पांढरी दोनमध्ये तिथेच ती मुकी काळी चार येत असणार, म्हणून तुम्ही तेवढं गाळलंत! इतकी वर्षं? अहो, मला सांगायचं तरी! मी भाता मारला त्या तुकड्याचा, आणि त्यात काय काय आहे हे मला परक्या मुलीकडून कळावं?

मग रांग उठली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रांगेत चालले. बोंडीआजीच्या मागे, सगळ्यांच्या शेवटी. आणि चालताना, कसं सांगू, माझा उजवा हात पदराखाली आपोआप वरखाली व्हायला लागला. सवय! पण तो एस्तेरबाईंच्या बाजाबरोबर हलत नव्हता. आपल्या जुन्या वेगाने हलत होता, बाजाच्या मागे मागे राहत. मी दटावलं त्याला, ऐकेना. आणि तेवढ्यात माझी नजर बोंडीआजीच्या पायाकडे गेली. काठी, मग चांगला पाय, मग ओढलेला पाय. काठी, पाय, पाय. मास्तर, माझा हात आणि तिचा पाय एकाच वेळी खाली येत होते! चुकत नव्हते एकदाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती ताडाखाली पडली त्याच वर्षी तुम्ही तो तुकडा एकाएकी संथ केलात ना? मी भांडले होते तुमच्याशी. म्हटलं होतं, मागच्या साली बरा होता, आता काय मुंगीच्या चालीने वाजवायचा? हात तुटतो माझा! तुम्ही एवढंच म्हणालात, ‘तू फक्त वारा दे. बाकी मी देखी लेसू.’ तुम्ही देखत होतात! कागद पाठ होता, डोळे मोकळे होते, तुम्ही लोकांचे पाय पाहत होतात. जो सगळ्यात हळू चालतो त्याचा पाय धरून वाजवत होतात. आणि मी भिंतीकडे तोंड करून म्हणत होते, म्हाताऱ्याची बोटं आता जड झाली.

बोलला का नाहीत? एक वाक्य! ‘बोंडी हळू चालस’, एवढं म्हणाला असतात तर मी हातातलं दुखणं विसरून गेले असते. तुम्हाला वाटलं असेल, सांगून काय करायचं. अहो, मला हवं होतं ते! तुम्ही काय पाहताय ते मला हवं होतं.

हे सगळं माझ्या मनात चाललंय तोवर बाजा संपला. शेवटचा सूर आला, डोकं वर करणारा, सुंदर आला, आणि थांबला. कागद संपला, तुकडा संपला. एस्तेरबाईंनी हात मांडीवर घेतले. आणि पुढे बोंडीआजी चर्चच्या मधोमध होती, ताटापासून अजून बरीच लांब. तिच्या पुढचे चारदोन म्हातारे, तिच्या मागे मी. बाजा गप्प झाला. झालं, सगळे जिथल्या तिथे थांबले. डोळे मिटले. मीही. कोणी शिकवलं होतं आम्हाला? तुम्हीच ना!

नवे पाळक वाट पाहत राहिले. त्यांना वाटलं, या लोकांना नको असेल. कोणाकोणाचं मन होत नाही, पापाची टोचणी असते, कोणी मागे राहतो, असं ते पुस्तकात शिकलेत. त्यांनी ताटावर कापड घातलं आणि आशीर्वाद देऊन उपासना संपवली. मी डोळे उघडले तर सगळे उठून बाहेर चाललेले आणि आम्ही मधे उभे. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगणार कोणाला? भोवती सगळं गाव असून एवढं एकटं मला तुमच्या मातीपाशीही वाटलं नव्हतं.

बाहेर वडाखाली बोंडीआजी काठीवर हनुवटी टेकून बसली होती. घरात ती मावची बोलते, माझ्याशी बाजारातली अहिराणी. मला म्हणाली, ‘माले नई दिधं, बाई. देवनी माले नई दिधं.’ मी म्हटलं, अगं आजी, देवाने नाही, गडबड झाली, बाजा लवकर थांबला. ती मान हलवत राहिली. ‘बाजा देवनाच ना? मास्तर व्हता तवय माले देये. आते मास्तर नई, देव माले वळखत नई.’ आणि उठून चालायला लागली. मी दोन पावलं मागे गेले. तिने हाताने परत जा म्हणून खूण केली. आता मी येत नाही, म्हणाली.

रात्रभर ते वाक्य माझ्या कानात होतं. देव माले वळखत नई.

आज सकाळी एस्तेरबाई आल्या तेव्हा मी रागाने भरलेली होते. त्याही भरलेल्याच आल्या. दारातूनच विचारलं, ‘मावशी, काल लोक मधेच का थांबले?’

मी म्हटलं, ‘बाजा थांबला म्हणून.’

‘पण असा काही नियम आहे हे मला कोणी सांगितलं नाही!’

‘तुम्ही कोणाला विचारलंत?’

त्या पायरीवर खाली बसल्या, तशाच, धुळीत. म्हणाल्या, ‘नाही विचारलं. मला वाटलं, कागदावर सगळं आहे. चालत्या पावलांनी वाजवायचं असं लिहिलंय, म्हणून मी चालत्या पावलांनीच वाजवलं.’

मी म्हटलं, ‘कुणाच्या पावलांनी, बाई? तुमच्या?’ आणि मग नियम, तुकडा फिरून पहिल्यापासून घेणं, बोंडीआजीचं सगळं सांगितलं, ती काय म्हणाली तेही. एस्तेरबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझा राग तिथेच निवळला. पोरगीच आहे हो. घर सोडून इतक्या लांब आलेली, इथली भाषा कळत नाही, संध्याकाळी खोलीत एकटीच बसून असते. खिडकीत दिवा दिसतो मला तिचा. तिच्या दिव्याकडे मी पाहते आणि माझ्या दिव्याकडे ती पाहत असेल.

त्या म्हणाल्या, पाळकांशी बोलणं झालंय. उद्या राहिलेल्यांना द्यायचं, पुन्हा रांग, पुन्हा तो तुकडा. म्हणाल्या, ‘पण मावशी, मी प्रयत्न करून पाहिला. पहाटे जाऊन बसले होते. माझे पाय ऐकत नाहीत. पायऱ्या दाबायला लागले की पाय आपल्या वेगाने धावतात आणि बोटं पायांच्या मागे जातात. कागदावरून नजरही काढता येत नाही मला, अजून पाठ नाही. तुम्ही दांड्यावर बसा. वारा तुमच्या हातात राहू दे. तुम्ही हळू द्याल तर मला हळू व्हावंच लागेल.’

मी ‘बघते’ म्हटलं. बाकी तुम्हाला सांगितलंच.

आता खरं सांगते, का अडून बसले होते ते. मला वाटत होतं, तो तुकडा तुमचा आहे. तुमचा वेग, तुमची पट्टी. माझ्याजवळ तुमचं दुसरं आहे काय? कोट आहे, त्याचा वास गेला. चष्मा आहे, त्यातून मला दिसत नाही. तुमच्या हाताचा वेग तेवढा माझ्या हातात राहिलाय, तोही दुसऱ्याच्या बोटांना वाटून टाकू? मग माझ्याकडे काय उरलं? अशी घट्ट मूठ करून बसले होते सकाळपासून.

पण हे लिहिता लिहिता माझ्याच लक्षात येतंय की तो वेग तुमचा नव्हताच मुळी! तुम्ही तो बोंडीकडून घेतलात. त्याआधी आणखी कुणाकडून घेतला असेल. तुम्ही धरून ठेवला नाहीत, मग मी कशी धरून ठेवू? तुमच्या नावाने तो वेग मी घरात कोंडून बसले आणि तिकडे ती म्हातारी देवाने टाकलं म्हणून बसली, हे तुम्हाला चाललं असतं? मेल्यावरही ओरडला असतात माझ्यावर!

तेव्हा मी जाणार आहे. तुम्हाला थोडं वाईट वाटेल. वाटू दे. मलाही वाटणार आहे, त्या पाटावर बसून दुसरंच कोपर पाहताना. नाही, कोपर पाहणारच नाही. पाट फिरवून घेणार आहे, लोकांकडे तोंड करून बसणार. पट्टी तिची राहू दे, पांढरी तीन. मधला तो गाळलेला भागही राहू दे, तो फार चांगला आहे, तुम्हालाही ऐकायला आवडला असता. त्यात मी हट्ट करणार नाही. वारा मात्र माझा.

एस्तेरबाईंना निरोप धाडते आणि तशीच नाल्यापलीकडे निघते. ऊन उतरलंय. बोंडीआजी सहजासहजी ऐकायची नाही, ते मला माहीत आहे. तिच्या झोपडीपुढे बसेन, उद्या पहाटेपर्यंत बसावं लागलं तरी बसेन, आणि ती रडली तर रडू देईन. उठेल तेव्हा तिच्याबरोबर चालत येईन, तिच्या पायाने. तसंही घरी माझी वाट पाहणारं कोण आहे?

एक वचन देते, मास्तर. ती भाकर घेऊन परत जागेवर बसेपर्यंत माझा हात थांबणार नाही, तुटला तरी. पण तो हळू चालेल तो तिच्यासाठी चालेल, तुमच्या आठवणीसाठी नव्हे. तुमच्यासाठी जे रडायचं ते मी घरी येऊन रडेन.

तुमची,
सगुणा